नाईक की हवालदार?

मानखुर्दच्या आमच्या इमारतीत त्यांना सगळे ‘हवालदार काका’ म्हणतात. पोलिसातले हवालदार नव्हेत, फौजेतले. पाटण तालुक्यातल्या एका गावातून १९७१ साली भरती झाले, तेवीस वर्षं पायदळात काढली, १९९४च्या ऑक्टोबरअखेर घरी आले. पुढची पंधरा वर्षं ट्रॉम्बेच्या बाजूला एका कंपनीच्या फाटकावर सुरक्षारक्षक म्हणून उभे राहिले. या नोकरीला लागताना त्यांनी डिस्चार्ज बुक दाखवलं होतं. त्यात हुद्दा हवालदार होता, त्यामुळे फाटकावरही ते हवालदारच राहिले.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा नातू मोबाइलवर ‘स्पर्श’ उघडून बसला होता. संरक्षण खात्याच्या पेन्शनची ही संगणकीय व्यवस्था २०२१पासून सुरू झाली आणि जुने पेन्शनर हळूहळू तिच्यात घेतले गेले. हयातीचा दाखला भरताना पोराने सहज वरची माहिती वाचली. हुद्द्याच्या रकान्यात ‘एनके’ अशी दोन अक्षरं होती. म्हणजे नाईक. हवालदाराच्या एक पायरी खाली.

दुसऱ्या दिवशी काका कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आले. ‘‘बाई, एक अर्ज लिहून द्या,’’ एवढंच म्हणाले. मी महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका होते. शाळेचं जनरल रजिस्टर ज्याने सांभाळलं आहे त्याला दप्तरातली नोंद म्हणजे काय हे कुणी शिकवावं लागत नाही. आई-बापाने पहिलीत घालताना सांगितलेली जन्मतारीख त्या पोराला साठाव्या वर्षापर्यंत चिकटलेली असते आणि ती बदलायची तर शिक्षणाधिकाऱ्यांच्या हुकमाशिवाय तांबड्या शाईचा ठिपकासुद्धा देता येत नाही. मला वाटलं, हेही तसंच असेल. तसं ते निघालं नाही. पुढचे सहा महिने मी जे वाचत आणि विचारत राहिले त्याचा हा लेख.

पिशवीत दोन कागद कामाचे होते. एक डिस्चार्ज बुक. त्यात लिहिलं होतं की १ सप्टेंबर १९९३ रोजी हवालदार पदावर बढती झाली आणि ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी सेवेतून मोकळे केलं. दुसरा कागद पीपीओ, म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर. त्यात हुद्दा नाईक. दोन्ही कागद सरकारचेच, एकाच माणसाचे आणि एकाच वर्षातले. काकांनी पीपीओ कधी नीट पाहिलाच नव्हता. तो बँकेत गेला, पेन्शन खात्यात पडत राहिली, विषय संपला.

तिसरीही एक वस्तू होती. काकांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला आठ पानी अर्ज. त्याच्याकडे नंतर येते.

‘हवालदार’ आणि ‘नाईक’ हे शब्द मराठी माणसाला इंग्रजांनी दिलेले नाहीत. शिवकाळातल्या पायदळाची बखरकारांनी सांगितलेली रचना पाहिली तर नऊ-दहा माणसांवर एक नाईक, पाच नाइकांवर एक हवालदार, त्यावर जुमलेदार, मग हजारी अशी चढण आहे. गडाचा प्रमुखही हवालदार. ज्याच्या हवाली काहीतरी केलेलं आहे तो हवालदार. कंपनी सरकारने देशी पलटणी उभ्या केल्या तेव्हा हेच शब्द उचलले आणि आपल्या शिडीत बसवले: शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार, सुभेदार मेजर. स्वातंत्र्यानंतरही शिडी तीच राहिली. १९६५ साली तेवढं जमादाराचं नाव बदलून नायब सुभेदार झालं.

त्यामुळे नाईक म्हणजे कुणीतरी किरकोळ माणूस असं समजू नये. रायगड जिल्ह्यातल्या माणगावला ज्यांचा पुतळा आहे ते यशवंत घाडगे नाईक होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत त्यांच्या हाताखालची सगळी तुकडी मशीनगनच्या माऱ्यात ठार किंवा जखमी झाली, तेव्हा ते एकटे पुढे गेले आणि मारले गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दहा-एक माणसांवरचा नाईक हा बखरीतला हिशेब तीनशे वर्षांनी टायबर नदीच्या खोऱ्यातही जवळपास तोच होता. हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘नाईक असण्याची लाज नाही बाई. मी नऊ वर्षं नाईकच होतो. पण मी हवालदार झालो होतो.’’

आता हुद्द्याची गंमत अशी की तो माणसाला एकदाच मिळत नाही आणि एकाच प्रकारे मिळत नाही. परमवीरचक्र मिळालेले राम राघोबा राणे यांचं उदाहरण घ्या. कारवारजवळच्या चेंडियाचे. १९४० साली बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे जवान म्हणून भरती झाले, खालून वर चढत गेले, डिसेंबर १९४७मध्ये अधिकारी झाले. एप्रिल १९४८मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग काढत, अडथळे फोडत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली त्या वेळी ते सेकंड लेफ्टनंट होते. निवृत्त झाले ते मेजर म्हणून. म्हणून एका ठिकाणी सेकंड लेफ्टनंट राणे, दुसरीकडे मेजर राणे असं वाचायला मिळतं, आणि दोन्ही बरोबर असतं. पराक्रमाच्या कागदात त्या दिवशीचा हुद्दा राहतो, पेन्शनच्या कागदात शेवटचा. कुठला कागद कशासाठी आहे हे विचारल्याशिवाय हुद्दा चूक की बरोबर हे ठरत नाही.

(आपल्याकडे चरित्रं लिहिणाऱ्यांनी हे फारसं मनावर घेतलेलं नाही. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ यांचा उल्लेख कुणी सुभेदार असा करतं, कुणी सुभेदार मेजर असा. लोकांच्या तोंडी ‘सुभेदार’च बसलं आहे. पण या दोन हुद्द्यांत फरक आहे. पलटणीत सुभेदार अनेक असत, सुभेदार मेजर एकच.)

त्यातही हुद्द्याचे प्रकार आहेत. कायम म्हणजे सबस्टँटिव हुद्दा. त्या जागेचं काम करायला लावून पगारही त्या जागेचा दिला तर तो पेड अ‍ॅक्टिंग. दुसऱ्या महायुद्धात फौज अचानक कितीतरी पट वाढली तेव्हा युद्धापुरता कायम असा ‘वॉर सबस्टँटिव’ प्रकारही चालला, आणि युद्ध संपल्यावर कित्येकांच्या बाहीवरच्या पट्ट्या कमी झाल्या. घरच्या फोटोत आजोबांच्या बाहीवर तीन पट्ट्या आणि कागदावर दोन, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या नातवंडांनी आधी हे तपासावं. मग मानद हुद्दा. निवृत्त होणाऱ्या निवडक हवालदारांना २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टला मानद नायब सुभेदार केलं जातं. बराच काळ हा हुद्दा मानाचाच होता, पेन्शन हवालदाराचीच राहायची. सहाव्या वेतन आयोगानंतर १ जानेवारी २००६पासून निवृत्त होणाऱ्यांना नायब सुभेदाराची पेन्शन मिळू लागली आणि आधी निवृत्त झालेले बाहेर राहिले. वीरेंद्र सिंह नावाचे एक माजी सैनिक सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या चंदीगढ पीठाकडे गेले. एकाच मानाचे दोन भाव कसे, हा त्यांचा प्रश्न होता. २०१०च्या फेब्रुवारीत निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात तो टिकला. त्या निकालाच्या आधाराने पुढे पुष्कळ जुने हवालदार उभे राहिले.

काकांचं प्रकरण यांपैकी कुठल्याच खणात बसेना. म्हणून आधी नियमच शोधला.

तेव्हा लागू असलेल्या लष्कराच्या पेन्शन नियमांत, म्हणजे १९६१च्या नियमावलीत, एक अट होती: ज्या हुद्द्यावर जवानाने शेवटचे दहा महिने सलग काढले त्या हुद्द्याची पेन्शन. निवृत्तीआधी चार-सहा महिने बढती मिळाली तर बाहीवर तीन पट्ट्या घेऊन घरी जा, पेन्शन मात्र दोन पट्ट्यांची. म्हणजे डिस्चार्ज बुकात हवालदार आणि पीपीओत नाईक असं दिसलं तर ती चूक असेलच असं नाही. तो नियम असू शकतो. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे कितीतरी अर्ज रागाने लिहिले जातात आणि एका ओळीच्या उत्तराने परत येतात.

मी कॅलेंडर घेऊन बसले. १ सप्टेंबर १९९३ ते ३१ ऑक्टोबर १९९४. बोटं मोजली, मग परत मोजली. चौदा महिने.

मग चूक झाली कशी? इथे फौजेचं दप्तर कसं चालतं ते थोडं सांगायला हवं. पलटणीत जवानाच्या आयुष्यात जे काही घडतं, म्हणजे लग्न, मूल, रजा, जखम, शिक्षा, बढती, ते सगळं ‘पार्ट टू ऑर्डर’ नावाच्या आदेशात छापलं जातं. हा आदेश रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला जातो. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला. तिथे तो जवानाच्या शीट रोलवर चढतो, आणि वेगळी प्रत पगाराच्या कार्यालयात जाऊन त्याच्या खातेवहीवर चढते. पार्ट टू ऑर्डर निघाला नाही, किंवा निघून एखाद्या त्रुटीसाठी परत आला आणि पुन्हा पाठवायचा राहिला, तर बढती झाली पण घडली नाही अशी अवस्था होते. निवृत्तीच्या वेळी रेकॉर्ड ऑफिस या नोंदींवरून पेन्शनचा प्रस्ताव तयार करून अलाहाबादला, आता प्रयागराजला, रक्षा लेखा प्रधान नियंत्रकांच्या पेन्शन कार्यालयात पाठवतं आणि तिथून पीपीओ निघतो.

पेन्शनचे कागद जवान घरी जाण्याच्या दिवशी बनत नाहीत. कित्येक महिने आधीपासून तयारी चालते. समजा, काकांचे कागद १९९४च्या पहिल्या काही महिन्यांत कुणीतरी भरायला घेतले असतील. त्या दिवशी त्यांना हवालदार होऊन जेमतेम सहा-सात महिने झाले असणार. भरणाऱ्याने त्या दिवसाचा हिशेब केला, दहा महिने झालेले नाहीत म्हणून नाईक लिहिलं, आणि कागद पुढे गेला. काका मात्र ऑक्टोबरपर्यंत फौजेतच होते. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. पण शाळेत मी असं पाहिलं आहे. मार्चमध्ये बनवलेल्या यादीत मुलगा चौथीत असतो आणि जूनमध्ये पाचवीच्या वर्गात बसलेला असतो, आणि शिष्यवृत्ती यादीप्रमाणे येते.

आता ते आठ पानी अर्जाचं. काकांनी त्यात सगळं लिहिलं होतं. भरतीच्या वेळी छाती फुगवून धावलेलं, बर्फातली दोन वर्षं, गुडघा कसा गेला, एका मित्राला खांद्यावरून खाली आणलं ते, बढतीच्या दिवशी कंपनी कमांडरने काय म्हटलं ते, काकूंनी गावाकडे पेढे वाटले ते. सातव्या पानावर हुद्द्याचा विषय होता आणि तोही प्रश्न म्हणून: ‘मी हवालदार नव्हतो काय?’

तो अर्ज मी एका पानावर आणला. डिस्चार्ज बुकाच्या अमुक पानावर बढतीची तारीख अमुक. निवृत्तीची तारीख अमुक. मधला काळ चौदा महिने, म्हणजे दहापेक्षा जास्त. सबब पीपीओतील हुद्दा नियमाशी विसंगत आहे. शीट रोलवरील नोंद तपासून शुद्धिपत्र काढावं. सोबत साक्षांकित प्रती. बस्स. काकांनी वाचलं आणि गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘यात मी कुठे आहे?’’

मला उत्तर देता आलं नाही, पण कारण मला माहीत होतं. हुद्द्याबद्दलचे अर्ज दोन जातींचे असतात. एक म्हणतो, मला अमुक हुद्दा मिळायला हवा होता आणि दिला नाही. तो न्यायाचा प्रश्न आहे, त्यात तुमची कर्तबगारी, ज्येष्ठता, गोपनीय अहवाल सगळं निघतं, आणि कारकुनाला तो निकालात काढताच येत नाही. दुसरा म्हणतो, हुद्दा तुम्हीच दिलात, तुमच्या एका कागदात आहे आणि दुसऱ्यात नाही, ते जुळवा. हे काम टेबलावरच्या माणसाला करता येतं. दुसऱ्या जातीच्या अर्जात पहिल्या जातीचं एक वाक्य जरी शिरलं तरी फाइल वर जाते आणि वरच राहते. बर्फ आणि गुडघा मी म्हणून काढला.

थकबाकीचं गणितही त्यांना सांगावं लागलं, आणि ते मला स्वतःला पटत नाही. पेन्शन दर महिन्याला कमी मिळते म्हणजे अन्याय दर महिन्याला नव्याने होतो, म्हणून तीस वर्षांनी मागितली तरी मागणी मेलेली नसते, असं न्यायालयं मानतात. पण २००८च्या तरसेम सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा उशिरा आलेल्या प्रकरणात थकबाकी साधारणपणे दावा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळेल. तत्त्व म्हणून ठीक आहे. झोपलेल्याला कायदा मदत करत नाही असं म्हणतात. पण आपल्या पेन्शनच्या इंग्रजी आदेशातली दोन अक्षरं न वाचणारा माणूस झोपलेला होता असं कसं म्हणायचं? दुरुस्ती झाली तर पुढची पेन्शन मात्र पूर्ण मिळते, आणि ‘एक हुद्दा, एक पेन्शन’ १ जुलै २०१४पासून लागू झाल्यापासून रक्कम हुद्दा आणि सेवेची वर्षं यांवरच ठरत असल्याने हुद्द्याची एक पायरी दर फेरआखणीत जाणवते. काकांच्या घरात हा फरक काकूंच्या मधुमेहाच्या औषधांएवढा आहे. काकांच्या मागे काकूंना मिळणारी कुटुंब पेन्शनही त्याच पायरीवरून मोजली जाणार. काकांची घाई त्यासाठी होती, हे मला उशिरा कळलं.

ज्यांच्या घरी असाच घोळ आहे त्यांच्यासाठी वाट थोडक्यात सांगते. पहिला अर्ज आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय तो लिहायला आणि पाठवायला मदत करतं. आपल्याकडे कागद नसतील तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या शुल्कात आपल्याच शीट रोलची प्रत मागता येते. यात दिरंगाई करू नये, कारण पेन्शन न मिळालेल्या जवानाची कागदपत्रं पंचवीस वर्षांनी नष्ट करायची तरतूद लष्कराच्या नियमांत आहे, आणि मग ‘लाँग रोल’ नावाच्या वहीतली एक ओळ तेवढी उरते. रेकॉर्ड ऑफिसने नाकारलं किंवा सहा महिने उत्तरच दिलं नाही, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. २००७च्या कायद्याने ते झालं, त्याचं एक पीठ मुंबईत आहे. त्याआधी जवानाला यासाठी उच्च न्यायालय गाठावं लागायचं.

आणि आपणच अडाणी म्हणून आपलं असं झालं, असं कुणी मनाला लावून घेऊ नये. देशाचे लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंह यांच्या जन्मसालाच्या दोन नोंदी लष्कराच्या दोन शाखांमध्ये होत्या. एकीकडे १९५०, दुसरीकडे १९५१. पदावर असताना ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०१२मध्ये त्यांना अर्ज मागे घ्यावा लागला. आपला खरा जन्म कधीचा हा प्रश्न तिथे नव्हताच, दप्तरात कुठला धरायचा एवढाच होता. ही गोष्ट सांगितल्यावर काका पहिल्यांदा मोकळेपणी हसले.

हुद्द्याची एक पायरी किती उंच असू शकते हे मला शोधाशोधीत भलत्याच ठिकाणी सापडलं. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, आपल्या भागातले हजारो लोक गेले. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. एप्रिल १९१६च्या अखेरीस तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. ज्यांची थडगी नाहीत त्यांच्यासाठी बसऱ्याला स्मारक उभं राहिलं. ब्रिटिश सैनिकांची नावं त्यावर कोरली आहेत, शिपायापर्यंत. भारतीयांपैकी जमादार, सुभेदार अशा अधिकाऱ्यांची नावं आहेत. त्याखालच्यांची नावं नाहीत. पलटणीचं नाव, आणि पुढे ‘इतर इतके’ असा आकडा. हवालदार आणि जमादार यांच्यामध्ये शिडीची एकच पायरी आहे. त्या पायरीवर नाव संपून संख्या सुरू होते. युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानेच २०२१च्या अहवालात मान्य केलं की ४५,००० ते ५४,००० मृत सैनिकांची, मुख्यतः आशिया आणि आफ्रिकेतल्यांची, अशी असमान नोंद झाली. तिथे अर्ज करायला कोण उरलं होतं?

काकांचा एक पानी अर्ज रजिस्टर्ड टपालाने गेला. मानखुर्दच्या पोस्टात रांगेत आम्ही दोघंही उभे होतो. पावती त्यांनी पाकिटात, फौजेच्या ओळखपत्राच्या मागे ठेवली. दोन महिन्यांनी डिस्चार्ज बुकाच्या एका पानाची पुन्हा साक्षांकित प्रत मागणारं पत्र आलं, ती पाठवली. या पावसाळ्यात दुसरं पत्र आलं: शीट रोलवर बढतीची नोंद आणि पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक आढळला आहे, प्रकरण शुद्धिपत्रासाठी पुढे पाठवलं आहे. हा मजकूर छापखान्यात जाईपर्यंत शुद्धिपत्र आलेलं नाही. पण त्या पत्रात पत्त्याच्या पहिल्या ओळीत नावाआधी ‘माजी हवालदार’ असं टंकलेलं आहे. काकांनी त्याला प्लास्टिक लावून आणलं.

परवा ते ते आठ पानी हस्तलिखित माझ्याकडे घेऊन आले. ‘‘हे आता कुठे लागेल का?’’ म्हणून विचारलं. रेकॉर्ड ऑफिसला नको, हे त्यांना आता माहीत आहे. मी ठेवून घेतलं. चौथ्या पानावर, मित्राला खाली आणल्याच्या मजकुरात, एका गावाचं नाव नीट लागत नाही. उद्या त्यांना बोलावून ते विचारणार आहे.